कमलबाई एक, फाइली चार : कर्करोगाची नोंदवही डिजिटल करताना

समजा, बार्शीजवळच्या एका गावात कमलबाई जाधव राहतात. छातीत गाठ लागली म्हणून त्या आधी बार्शीच्या दवाखान्यात गेल्या. केस पेपरवर नाव पडले 'कमल दत्तात्रय जाधव, वय ५०'. बायोप्सीचा तुकडा सोलापूरच्या लॅबमध्ये गेला, तिथे त्या 'कमलबाई डी. जाधव, वय ४८' झाल्या. पुढे मुंबईला नेले. भाचा घाटकोपरला राहतो, त्यामुळे फॉर्मवर पत्ता घाटकोपरचा आणि मोबाइल नंबर भाच्याचा. गर्दीत कुणीतरी नाव लिहिले 'कमलाबाई दत्तू जाधव'. ऑपरेशन झाले, किमो झाली, रेडिएशनचा शेक झाला, बाई गावी परतल्या. तीन वर्षांनी घरीच वारल्या. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत नाव 'कमळ', आणि मृत्यूच्या कारणाची जागा कोरी.

कागदांवरच विश्वास ठेवला तर कर्करोगाचे रुग्ण तीन, त्यातली एक मुंबईकर, आणि कर्करोगाने मृत्यू एकही नाही. खरी गोष्ट अशी की रुग्ण एक, ती बार्शी तालुक्यातली, आणि ती गेली. पहिल्या हिशेबापासून दुसऱ्यापर्यंत पोचण्याच्या कामाला कर्करोग नोंदणी म्हणतात. इंग्रजी शब्द 'रजिस्ट्री', आणि ते काम करणाऱ्यांना दवाखान्यांत 'रजिस्ट्रीवाले' असेच ओळखतात.

रजिस्ट्री दोन प्रकारची असते आणि हा फरक आधीच नीट समजून घ्यावा, कारण बातम्यांमध्ये त्याची नेहमी सरमिसळ होते. एक रुग्णालयाची रजिस्ट्री. आमच्याकडे कोणते रुग्ण आले, कोणत्या टप्प्यावर आले, काय उपचार दिले, हे ती सांगते. रुग्ण बिहारचा असो की बीडचा, तिला फरक पडत नाही. दुसरी लोकसंख्येवर आधारित रजिस्ट्री. ती एक भूभाग आखून घेते आणि त्या भागात राहणाऱ्या माणसांपैकी वर्षभरात नव्याने किती जणांना कर्करोग झाला, हे मोजते. मग तो रुग्ण उपचाराला कुठेही गेलेला असो. 'दर लाख लोकांमागे इतके' हा आकडा फक्त या दुसऱ्या प्रकारातूनच निघू शकतो. एखाद्या मोठ्या रुग्णालयात गर्दी वाढली म्हणजे रोग वाढला असे होत नाही. कदाचित रस्ता चांगला झाला असेल, किंवा सरकारी योजनेत ते रुग्णालय आले असेल.

भारतातली अशी पहिली रजिस्ट्री मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. डॉ. दाराब जस्सावाला हे त्यामागचे मुख्य नाव. मग १९८१ च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम उभा केला. सुरुवातीला लोकसंख्येवर आधारित तीन रजिस्ट्र्या होत्या, मुंबई, बंगळुरू आणि चेन्नई; आणि रुग्णालयांच्या तीन, चंडीगड, दिब्रुगड आणि तिरुवनंतपुरम. आता या सगळ्याचे काम आयसीएमआरच्या बंगळुरूच्या संस्थेतून चालते.

पण शहरांतले आकडे खेड्यांना कसे लावायचे? म्हणून १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री निघाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिने घेतले. इथे शहरी पद्धत चालणारच नव्हती. मुंबईत रजिस्ट्रीची माणसे रुग्णालयांतून फिरून नोंदी उतरवतात, पण ज्या भागात माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, तिथे दवाखान्यात बसून काय मोजणार? बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावागावांत जाऊन लोकांना लक्षणे समजावली, अंगावरून जाणे, तोंडातला न भरणारा छाला, छातीतली गाठ, आणि संशय आला त्यांना तपासणीला आणले. मोजायला गेलेल्या माणसांनी नकळत जागृतीही केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागले.

याच नोंदींच्या पायावर पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एक मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, त्यांचे चार गट. कुणाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, कुणाची पेशींची पॅप तपासणी, कुणाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली, आणि एका गटात नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरात आज या तपासणीचा आग्रह धरताना ज्या पुराव्याचे नाव घेतले जाते, त्यात हा मराठवाड्यातला अभ्यास असतो. कोणत्या बाईला पुढे कर्करोग झाला आणि कोण त्यात गेली, हे गावपातळीवर नोंदवणारी यंत्रणा आधीच नसती, तर ही चाचणी उभीच राहिली नसती. नोंदवहीला कारकुनी काम समजणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण वेळेची. २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय अहवालात २०१२ ते २०१६ या वर्षांची माहिती होती, २८ लोकसंख्या रजिस्ट्र्यांची आणि ५८ रुग्णालयांची. त्यानंतर ४३ रजिस्ट्र्यांवर आधारलेले विश्लेषण २०२५ मध्ये छापून आले, त्यात माहिती २०१५ ते २०१९ ची. म्हणजे आपण नेहमी पाचसहा वर्षांपूर्वीचा आरसा बघत असतो. थोडा उशीर रास्तच असतो, कारण एका वर्षाचे रुग्ण पुढच्या वर्षीपर्यंत सापडत राहतात आणि मृत्यूच्या नोंदी तर आणखी मागून येतात. पण इतका?

दुसरी अडचण व्याप्तीची. रजिस्ट्र्यांच्या कक्षेत देशाच्या लोकसंख्येचा जेमतेम दहा ते अठरा टक्के भाग येतो. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण असतील, हा आकडा तुम्ही वाचला असेल. तो मोजलेला नाही, त्या तुकड्यांवरून काढलेला अंदाज आहे. अंदाज काळजीपूर्वक केलेला असतो, पण शेवटी अंदाजच.

यावर उपाय म्हणून 'सगळे डिजिटल करा' असे म्हटले जाते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जाडजूड रजिस्टरे जाऊन संगणक येतो. पण संगणक तर रजिस्ट्रीत केव्हाच आला. बंगळुरूच्या संस्थेचे त्यासाठी स्वतःचे सॉफ्टवेअर आहे, जागतिक पातळीवर 'कॅनरेज' नावाचे फुकट सॉफ्टवेअर अनेक देश वापरतात. ही सॉफ्टवेअरे वेड्यावाकड्या नोंदी अडवतात. पुरुषाच्या नावापुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग आला तर नोंद पुढे जात नाही. पुरुषाला स्तनाचा कर्करोग दिसला तर मात्र खात्री करून घ्यायची, खोडायचे नाही, कारण तो क्वचित का होईना, होतो.

जुनेपणा आहे तो माहिती संगणकापर्यंत पोचण्याआधीच्या टप्प्यात. रजिस्ट्रीचा माणूस आजही रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जातो, फाइल मागतो, पॅथॉलॉजीचे रजिस्टर उलगडतो आणि ठरलेल्या प्रोफॉर्मात माहिती उतरवून घेतो. कधीकधी ती फाइल मूळ रुग्णालयाच्या संगणकातून छापून निघालेली असते! म्हणजे एकदा टाइप केलेले, छापलेले, हाताने उतरवलेले आणि पुन्हा टाइप केलेले. नव्या व्यवस्थेचा खरा अर्थ इतकाच की डॉक्टरने किंवा लॅबने कामाच्या ओघात एकदा जे नोंदवले, तेच थेट रजिस्ट्रीपर्यंत यावे. कर्नाटक, पंजाब, पश्चिम बंगाल, त्रिपुरा अशा काही राज्यांनी कर्करोगाची माहिती कळवणे बंधनकारक केले आहे. कायदा हवाच. पण वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये आणखी एक फॉर्म भरायला माणूस कुठून येणार, याचे उत्तर कायद्यात नसते.

दोन रुग्णालयांची सॉफ्टवेअरे एकमेकांशी बोलावीत म्हणून प्रमाणके ठरलेली आहेत. हे नळाच्या आट्यासारखे आहे. पाइप कुठल्याही कंपनीचा असो, आटे जुळले की पाणी गळत नाही. केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले ते हेच आटे बसवण्यासाठी. त्यासाठी वापरतात त्या प्रमाणकाचे नाव 'फायर', आणि माणसाला मिळतो तो आरोग्य-ओळखीचा चौदा आकडी 'आभा' क्रमांक. यापेक्षा जास्त तांत्रिक तपशिलात जाण्यात सामान्य वाचकाला रस नसावा, मलाही फारसा नाही. रस आहे तो पाइपातून काय वाहते यात.

सर्वात मोलाची वस्तू पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. कर्करोग आहे की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. रजिस्ट्री त्या रिपोर्टचे आकड्यांत रूपांतर करते, आणि ही आकड्यांची भाषा जगभर एकच आहे. कमलबाईंची गाठ स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात असेल तर 'सी ५०.४', आणि पेशींचा प्रकार '८५००/३'. तिरप्या रेघेनंतरचा ३ म्हणजे पसरू शकणारा कर्करोग, २ म्हणजे जागच्या जागी असलेला, ० म्हणजे साधी गाठ. एका आकड्यावर एवढे अवलंबून.

रिपोर्ट मात्र मोकळ्या गद्यात लिहिलेला असतो, अनेकदा स्कॅन करून ठेवलेला. संगणकाला 'कार्सिनोमा' शब्द शोधायला सांगितला तर तो 'कार्सिनोमा आढळला नाही' यातही सापडतो. त्याहून फसवी गोष्ट पसरलेल्या रोगाची. स्तनाचा कर्करोग यकृतात गेला आणि यकृताचा तुकडा तपासला, तर रिपोर्टवर यकृत लिहिलेले असते. घरचे लोकही 'लिव्हरचा कॅन्सर झाला' असेच सांगतात. रजिस्ट्रीत मात्र ती नोंद स्तनाचीच राहायला हवी, नाहीतर त्या जिल्ह्यात यकृताचा कर्करोग वाढल्याचे चित्र उभे राहील. आता असे रिपोर्ट वाचायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेण्याची चर्चा जोरात आहे. मदत होईलही. माझे मत असे की पॅथॉलॉजिस्टने निबंध लिहिण्याऐवजी ठरलेल्या रकान्यांत नोंद केली, अवयव, बाजू, प्रकार, मूळ की पसरलेला, तर निम्मी हुशारी लागणारच नाही.

आता पुन्हा कमलबाईंकडे. तीन फाइली एकाच बाईच्या आहेत हे ओळखणे, हे या सगळ्यातले सर्वात चिवट काम. डेन्मार्कमध्ये १९४२ पासून कर्करोगाची नोंद आहे आणि १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे, जो दवाखान्यापासून दफनापर्यंत सगळीकडे चालतो. तिथे हा प्रश्न जवळपास उरला नाही. आपल्याकडे आभा क्रमांक ऐच्छिक आहे, जुन्या लाखो नोंदींना कोणताच क्रमांक नाही, आणि नावांची तऱ्हा तर विचारू नका. लग्नात तांदळावर नवे नाव लिहिण्याची चाल, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर दुसरे. नवऱ्याचे नाव मधे की वडिलांचे? 'बाई' लावायचे की नाही? इंग्रजीत जाधवच्या शेवटी 'व्ही' लिहायचा की विदर्भातल्यासारखा 'ओ'?

यावर उपाय आहे तो पत्रिका जुळवण्यासारखा. छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते बघतात ना, तसेच. दोन नोंदी शेजारी ठेवायच्या आणि प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे. गंमत अशी की सगळ्या जुळण्यांना सारखे गुण नसतात. आडनाव जाधव जुळले तर थोडेच, कारण जाधव हजारो आहेत. एखादे दुर्मिळ आडनाव जुळले तर भरघोस. जन्मतारीख जुळली तर पुष्कळ गुण, पण ती १ जून असेल तर हात आखडता घ्यायचा. मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला करून ठेवला आहे. वयातला दोन वर्षांचा फरक चालतो, कारण 'पन्नाशीची असेल' या उत्तराचे ५० व्हायला वेळ लागत नाही. उच्चारावरून नावे जुळवायची युक्तीही असते, म्हणजे कमल, कमला आणि कमळ जवळजवळ येतात.

बेरीज एका मर्यादेच्या वर गेली तर एकच व्यक्ती, खालच्या मर्यादेखाली राहिली तर दोन वेगळ्या. मधल्या जोड्या माणसाने डोळ्यांखालून घालायच्या. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. एका बाईच्या तीन राहिल्या तर रोग वाढल्यासारखा दिसतो. तीन बायांची एक झाली तर दोघी गायबच होतात. वर आणखी एक पेच. एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळे कर्करोग होऊ शकतात. तेव्हा माणूस एक, पण रोगाच्या नोंदी दोन, आणि त्या कधी वेगळ्या धरायच्या याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत.

विमा योजनांची माहिती जोडावी असेही सुचवले जाते. सूचना चांगली आहे, पण योजनेचा हिशेब पॅकेजचा असतो. किमोच्या सहा फेऱ्या म्हणजे सहा दावे, रुग्ण मात्र एकच. त्याचा खरा उपयोग मला वेगळाच दिसतो. कमलबाईंच्या योजनेच्या अर्जाला जोडलेल्या रेशनकार्डावर पत्ता गावचाच असतो. लोकसंख्येच्या रजिस्ट्रीत मोजायचे असेल तर माणूस त्या भागात किमान वर्षभर राहिलेला हवा, असा आपला नियम आहे. घाटकोपरचा पत्ता खोटा नाही, पण तो भाच्याचा आहे. अशा उसन्या पत्त्यांनी मुंबईचा आकडा फुगतो आणि बार्शीचा घटतो.

आकडा घटणे-वाढणे किती मोठे असू शकते ते बघा. २०१२-१६ च्या अहवालात पुरुषांमध्ये देशातला सर्वाधिक दर मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात होता, वयाचा फरक काढून टाकल्यावर लाखामागे २६९.४. सर्वात कमी आपल्याच उस्मानाबाद-बीडमध्ये, ३९.५. जवळजवळ सातपट अंतर. ऐझॉलमध्ये तंबाखूचा मारा मोठा आहे, म्हणजे फरकाला खरे कारण आहेच. तरी मराठवाड्यातला आकडा वाचून मिशीवर ताव देण्याआधी विचारावे की तपासणीपर्यंत न पोचता किती जण गेले. आणि छेदाचाही प्रश्न आहे. लाखामागे म्हणताना लोकसंख्या हवी. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ मध्ये ठरलेली. ऊसतोडीला निम्मे गाव बाहेर असते, शहरांच्या कडेला वस्त्या वाढत असतात, आणि तोवर छेदात पुढे ढकललेले अंदाजच.

इतकी माहिती एकत्र करायची म्हटल्यावर गोपनीयतेचा प्रश्न येतो, आणि तो फक्त कायद्याचा नाही. आपल्याकडे कित्येक घरांत रोग्यालाच रोगाचे नाव सांगत नाहीत. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर आईचे दुखणे शेजाऱ्यांपासूनही लपवतात. रजिस्ट्रीला नावे लागतात ती केवळ जुळणीसाठी. प्रसिद्ध होतात ते आकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि आकडेवारीसाठी सूट आहे, पण अट अशी की त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेता कामा नये. कागदाची फाइल चोरली तर एक फाइल जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातले सर्वात नावाजलेले रुग्णालय कित्येक दिवस पुन्हा हाताने केस पेपर लिहीत होते. म्हणून जुळणीचा विभाग वेगळा, विश्लेषणाचा वेगळा, विश्लेषकाला नाव दिसणार नाही, आणि कुणी कोणती नोंद उघडली याची आपोआप टिपणी, एवढे तरी पहिल्या दिवसापासून हवे.

राहता राहिला मृत्यू. रजिस्ट्रीची माणसे मृत्यूची नोंदही मिळवतात, कारण किती जणांना झाला याइतकेच किती जगले हेही हवे असते. एखाद्या भागात शंभर नवे रुग्ण आणि मृत्यू फक्त दहा दिसले, तर तिथले उपचार अद्भुत आहेत असे समजायचे नाही, मृत्यू नोंदीतून निसटले आहेत असे समजायचे. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते अवघे २२.५ टक्के. त्यातही 'हृदयक्रिया बंद पडून' हे आवडते कारण, जे प्रत्येक मृत्यूला लागू पडते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने सर्व वैद्यकीय संस्थांना कारणाचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले आणि नोंदी डिजिटल केल्या. रुग्णालयातल्या मृत्यूंना याचा फायदा होईल. घरी वारलेल्या कमलबाईंना प्रमाणपत्र कोण देणार?

त्यांच्यासाठी उरतो तो पत्रिकेचाच मार्ग, मृत्यूची संपूर्ण यादी आणि कर्करोगाची यादी समोरासमोर ठेवून. कारण कोरे असले तरी नाव, वय, गाव जुळले तर रजिस्ट्रीला धागा मिळतो. पण मुंबईच्या फाइलवर गाव घाटकोपर आहे, तिची तुलना होणार मुंबईच्या मृत्यूंशी, आणि तिथे कमलाबाई दत्तू जाधव सापडणार नाहीत. फॉलोअपसाठी लावलेला फोन भाच्याचा. त्याने नंबर बदलला. अशा नोंदींना जगभरच्या रजिस्ट्रीत 'अमर' रुग्ण म्हणतात. वर्षे जातात, वय आपोआप वाढत राहते, आणि पुढच्या तपासणीच्या यादीत त्यांचे नाव दर सहा महिन्यांनी पुन्हा वर येते.